शेऱ्याच्या रकान्यातला शब्द

बाई आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा मी साखरभात केला होता. शाळेत लागून मला चारच महिने झाले होते, त्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या, त्यामुळे मी धास्तावलेली होते. बाईंनी दोन घास खाल्ले, थांबल्या, समोरच्या भिंतीकडे बघत काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "ब्लेमलेस."

मला त्यातलं फक्त 'ब्लेम' ऐकू आलं. लवंगा जरा जास्तच पडल्या, असं मी म्हणू लागले. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. "अगं, नाव ठेवायला जागा नाही, असं म्हणून राहिले आहे मी. छान म्हटलं असतं तर उद्यापर्यंत विसरली असतीस."

ते खरं निघालं. त्यानंतर माझ्या साखरभाताला पुष्कळांनी छान म्हटलं असेल. त्यातलं एकही माझ्या लक्षात नाही.

आमची शाळा मुलींची, ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या एका अरुंद गल्लीच्या टोकाला. बाई तिथे इंग्रजी शिकवत, मी भूगोल. मुली त्यांना मॅडम म्हणत; आम्ही दोघी-तिघी मराठी शिक्षिका बाई म्हणायचो. उंच, काटकुळ्या, खळ दिलेल्या सुती साड्या, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणत, "चालायला." मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. ते सैल होतं म्हणून त्याखाली त्या घडी घातलेला रुमाल बांधत. लग्न केलं नव्हतं. भावाच्या सरकारी क्वार्टरमध्ये थाटीपुरला राहत. भाऊ रिटायर होऊन पुण्याला गेला तेव्हा त्याच भागात दोन खोल्या भाड्याने घेऊन मागे राहिल्या. घराण्यातले पूर्वज म्हणे दख्खनेतून घोड्यावर बसून आले होते. बाई सवारीच्या टेम्पोने यायच्या, आणि टेम्पो बंद झाले तेव्हा ई-रिक्षाने.

त्यांचं शिकवणं बाकी चारचौघींसारखंच होतं. फक्त फळ्याचा उजवीकडचा वरचा कोपरा त्यांचा असायचा. तिथे रोज सकाळी एक इंग्रजी विशेषण लिहिलं जाई. अर्थ नाही, वाक्य नाही, नुसता शब्द. तो मुलींनी वहीत उतरवायचा, घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या शब्दाला बसेल असा माणूस किंवा अशी वस्तू शोधून आणायची. शब्दकोशात अर्थ बघायला मनाई नव्हती, पण शब्दकोशातलं वाक्य जिने आणलं तिला बाई म्हणत, "हे तर त्यांनी पाहिलं. तू काय पाहिलंस?"

एकदा कोपऱ्यात 'ब्रिटल' होता. दुसऱ्या दिवशी एक मुलगी घरून गजक, तिळाची कुरकुरीत वडी, घेऊन आली. बाईंनी सगळा वर्ग गप्प केला, गजक कानाजवळ धरून मोडली, तो आवाज सगळ्यांना ऐकवला, आणि मग ती सावकाश स्वतः खाऊन टाकली. चाळीस मुली बघत राहिल्या. पण ब्रिटल म्हणजे वाकत नाही, एकदम मोडतं ते, हे त्यांतल्या एकीलाही पुन्हा सांगावं लागलं नाही.

गुड, नाइस आणि व्हेरी हे तीन शब्द त्यांच्या वर्गात बंद होते. जिच्या तोंडून व्हेरी निघाला तिने उभं राहून तेच वाक्य त्याच्याशिवाय म्हणायचं. हा नियम त्या वर्गाबाहेरही पाळत, हीच अडचण होती. आमच्या एका सहशिक्षिकेच्या मुलीचं लग्न होतं मेमध्ये, फूलबागेजवळच्या एका हॉलमध्ये. वधूच्या आईने कौतुकाने विचारलं, "कशी दिसतेय हो आमची?" बाईंनी स्टेजकडे नीट पाहिलं. "रेडियंट म्हणणार होते. पण तो घाम आहे. पंखा लावून द्या तिकडे." पंखा लावला गेला. त्या सहशिक्षिका मात्र पुढे वर्षभर बाईंशी बोलल्या नाहीत.

बाजारातही तेच. एका साड्यांच्या दुकानावर मोठ्या अक्षरांत 'एक्सक्लूसिव्ह' लिहिलेलं होतं. बाई आत गेल्या आणि मालकाला विचारलं, "भैया, आप किसको एक्सक्लूड करते हैं?" तो म्हणाला, "बहनजी, किसी को नहीं, सबका स्वागत है." बाई म्हणाल्या, "फिर उतार दीजिए." मी त्यांच्याबरोबर होते. मला ब्लाउजपीस घ्यायचा होता, तो दुसऱ्या दुकानात घ्यावा लागला.

गंमत अशी की मराठीच्या बाबतीत त्यांना यातलं काही लागू नव्हतं. आम्हा ग्वाल्हेरकरांची मराठी अर्धी हिंदीवर चालते, तशीच त्यांचीही. "मला असं लागतं," "पाणी पडून राहिलं आहे," "कशाला परेशान होतेस" असं त्या बिनदिक्कत बोलत. पुण्याहून भाची आली की ती हसायची. बाई म्हणत, "घरात कोणी इस्त्रीचे कपडे घालतं का?"

आता गेटवरच्या मौसींबद्दल सांगायला हवं. शाळेच्या फाटकावर एक बाई होत्या, भिंडकडच्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून फाटकावर. सगळी शाळा त्यांना मौसी म्हणायची. लोखंडी स्टूल, डोक्यावर पदर, हातात काही नाही. काठीसुद्धा नाही. पण कुणाच्या भावाची मोटारसायकल त्या गल्लीत दोनदा फिरली तर तिसऱ्यांदा मौसी उठून नुसत्या उभ्या राहायच्या, आणि मोटारसायकल वळायची. सुट्टीच्या वेळी मुलीला न्यायला वडील आले तरी चिठ्ठी दाखवल्याशिवाय मुलगी बाहेर पडत नसे. एकदा एका नगरसेवकाला त्यांनी अकरा मिनिटं उन्हात उभं केलं होतं. आणि एकदा बाईंना. बाई तीन मिनिटं उशिरा आल्या, फाटक बंद झालं होतं. मौसींनी मस्टर आणवलं, त्यात उशिराची वेळ लिहून घेतली आणि मगच आत सोडलं. आम्ही स्टाफरूममध्ये दिवसभर तीच चर्चा केली. बाई एकच वाक्य बोलल्या, "बरोबर केलं तिने."

त्यानंतर काही महिन्यांनी नववीच्या फळ्यावर 'रिडाउटेबल' आला. दोन्ही दिवस त्या तासाला मी शेजारच्या वर्गात होते आणि मधली खिडकी उघडी होती, म्हणून मला माहीत. दुसऱ्या दिवशी मुलींनी काय काय आणलं होतं. एकीने किल्ला आणला. बाई म्हणाल्या, चालेल. एकीने आजी आणली. ती कशी, म्हटल्यावर म्हणाली की आजी सगळ्यांना ओरडते. "ओरडणारी माणसं बहुतेक रिडाउटेबल नसतात," बाई म्हणाल्या. एकीने मोहल्ल्यातला गुंड आणला. बाईंनी तो साफ नाकारला. "गुंड्याची भीती वाटते. इज्जत वाटते का? या शब्दात दोन्ही पाहिजे. समोरचा तुमच्या विरुद्ध उभा असला तरी मनातून तुम्ही त्याला मानता, आणि मानताना थोडं हसूही येतं, असा माणूस." वर्ग विचारात पडला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मैडम, गेटवाली मौसी."

वर्गात टाळ्या पडल्या. बाई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "फिट."

पुढच्या वर्षी शाळेत नवे मॅनेजर आले. संस्थेने नेमलेले, चाळिशीचे, टापटीप, नेहमी घाईत. माणूस वाईट नव्हता. छत गळत होतं ते त्यांनी पहिल्या दोन महिन्यांत दुरुस्त करून घेतलं. सगळ्या वर्गांत स्क्रीन बसवले, आणि स्क्रीनला जागा पाहिजे म्हणून फळे अर्धे केले. बाईंचा कोपरा गेला. बाई फळ्याच्या उरलेल्या अर्ध्याच्या कोपऱ्यात लिहू लागल्या. मग एका मीटिंगमध्ये मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "मैडम, आपकी इंग्लिश बहुत हाई है. बच्चों को सिंपल सिखाइए. जो शब्द पेपर में नहीं आता, उसका क्या फायदा?" बाईंनी मनगटावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला फक्त.

त्याच हिवाळ्यात गेटचं आणि साफसफाईचं काम एका एजन्सीकडे द्यायचं ठरलं. जुन्या माणसांपैकी चार जणांना ठेवायचं, बाकीच्यांना नाही. प्रत्येकाचा एक छापील फॉर्म, इंग्रजीत, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. प्रिन्सिपॉलांनी ते नऊ फॉर्म बाईंच्या टेबलावर ठेवले. इंग्रजी आहे, तुम्हीच भरा. बाईंनी दोन दिवस घेतले. पाणी भरणाऱ्या माणसाला त्यांनी 'पंक्च्युअल' लिहिलं, झाडूवालीला 'थरो', म्हणजे कोपरे न सोडणारी. मौसींच्या रकान्यात लिहिलं, 'अ रिडाउटेबल वुमन'.

फॉर्म मॅनेजरांकडे गेले. आठवड्याने यादी लागली. मौसींचं नाव यादीत नव्हतं.

हे मला मौसींकडूनच कळलं. सकाळी मी फाटकातून आत शिरत होते, तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवलं. कधी नाही ते आवाज खाली होता. "मैडम, एक बात पूछूँ? बहनजी ने मेरे लिए डाउट लिखा है?"

कोणी सांगितलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, ऑफिसातल्या बाबूने सांगितलं. कागदावर इंग्रजीच्या बहनजींनी डाउट लिहिलाय, आणि मॅनेजर साहेबांनी त्याला लाल पेनाने गोल केलाय. "वो मस्टर वाली बात का बुरा मान गईं होंगी," मौसी म्हणाल्या. "पर मैंने तो सबका लिखा था. मेरी अपनी भांजी का भी लिखा था."

मी वर जाऊन बाईंना सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या. पेनाचं टोपण लावायला त्यांना जरा वेळ लागला. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर." मी का, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बहुधा साक्षीला.

मॅनेजरांनी फॉर्म काढून समोर ठेवला. 'डाउट' या अक्षरांभोवती खरंच लाल गोल होता, आणि खाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की शेऱ्याप्रमाणे सचोटी संशयास्पद.

"सर, ये शब्द आपने ग़लत पढ़ा है," बाई म्हणाल्या.

"मैडम, इसमें डाउट लिखा है. और आगे री भी लगा है. मतलब बार-बार डाउट."

बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी शिकवायला सुरुवात केली, अगदी वर्गात शिकवत तशी. हा शब्द फ्रेंचमधून आला. जुन्या फ्रेंचमध्ये डाउट म्हणजे नुसती शंका नाही, भीतीसुद्धा. शंका या शब्दातून निघून गेली, भीती राहिली, आणि पुढे भीतीबरोबर आदर आला. हा शब्द कोणी निंदेने वापरत नाही. शत्रूच्या सेनापतीबद्दल वापरतात, कडक सासूबद्दल वापरतात, हरवायला कठीण असलेल्या वकिलाबद्दल वापरतात. बहुतेक करून नावाच्या आधी येतो. मॅनेजरांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग मोबाइल काढून शब्द टाकला. "फॉर्मिडेबल," त्यांनी वाचलं. ते पुन्हा टाकलं. "जिससे डर लगे." मोबाइल टेबलावर ठेवला. "मैडम, गर्ल्स स्कूल के गेट पर ऐसी औरत, जिससे डर लगे? गार्जियन पढ़ेंगे तो?"

"गार्जियन को ही तो लगना चाहिए," बाई म्हणाल्या.

मॅनेजर हसले. खरंच हसले, चिडून नाही. "देखिए, जिस शब्द का मतलब समझाने में दस मिनट लगें, वो फॉर्म में लिखने का नहीं होता. मुझे मौसी से कोई दुश्मनी नहीं. आप इसको काटकर 'गुड' लिख दीजिए, साइन कर दीजिए. मैं कमेटी से बात कर लेता हूँ."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

बाईंनी पेन उघडलं. कागद जवळ ओढला. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. पेन कागदावर टेकलं नाही. "मौसी को बुलाइए," त्या म्हणाल्या. "उसके बारे में है, उसको मालूम होना चाहिए."

मौसी आल्या, पदर सारखा करत दारातच उभ्या राहिल्या. बाईंनी कागद त्यांच्याकडे वळवला, जणू त्या इंग्रजी वाचणारच होत्या.

"मैंने तुम्हारे लिए डाउट नहीं लिखा है," बाई म्हणाल्या. "मैंने लिखा है कि..." आणि थांबल्या. हिंदी शब्द सापडेना. "जिससे आदमी डरे भी, और इज़्ज़त भी करे. जिसके सामने ग़लत काम करने की हिम्मत न पड़े."

"मतलब धाकड़," मौसी म्हणाल्या.

बाईंनी विचार केला. "लगभग."

"ये मेरे लिए लिखा है? अंग्रेज़ी में?"

"हाँ. लेकिन साहब को ठीक नहीं लग रहा. इसको काटकर मैं 'अच्छी' लिख देती हूँ. नौकरी रह जाएगी."

मौसी पुढे आल्या आणि कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या लाल गोलावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "यही है?" बाईंनी त्यांचं बोट उचलून शब्दाच्या सुरुवातीला ठेवलं आणि शेवटपर्यंत नेलं. "यहाँ से यहाँ तक."

"मत काटो," मौसी म्हणाल्या.

मॅनेजर म्हणाले, "मौसी, सोच लो."

"सोच लिया, साहब. अच्छी तो आप किसी को भी लिख दोगे. मेरे बारे में आज तक किसी ने कुछ लिखा ही नहीं. राशन कार्ड में नाम भी ग़लत है. एक बार लिखा है तो रहने दो."

यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही, कारण बाईंना कोणापुढे गयावया करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "अगं बाई, शब्द आहे तो! एक शब्द!" त्या मराठीतच बोलू लागल्या, मौसींना मराठी येत नाही हे विसरून. "माझा शब्द आहे, मी काढते, तुझं काय जातं? काम जाईल ना तुझं!" मग भानावर येऊन तेच हिंदीत. मौसींनी ऐकून घेतलं. मग बाईंच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं आणि ते मॅनेजरांच्या टेबलावर ठेवलं. "फाटक खुला छोड़के आई हूँ," असं म्हणून निघून गेल्या.

महिनाअखेरीला मौसी गेल्या. त्यांच्या जागी एजन्सीने निळ्या युनिफॉर्ममधला एक तरुण गार्ड दिला. तो सगळ्यांना सलाम करायचा.

बाईंनी राजीनामा दिला नाही. भांडण केलं नाही. त्यांनी फक्त शाळा सुटल्यावर घरी जायचं थांबवलं. पांढरे बूट घालून त्या महिनाभर मुरार आणि थाटीपुरच्या गल्ल्यांत फिरल्या. दवाखाने, कोचिंग क्लासेस, ओळखीची घरं. ज्या बाईंनी कधी कोणाकडे सुट्टीचा अर्ज पुढे सरकवण्याची विनंतीसुद्धा केली नव्हती, त्या अनोळखी माणसांच्या दारात उभ्या राहून विचारत की तुमच्याकडे फाटकावर बाई लागते का. दोनदा मी बरोबर गेले. दुसऱ्या वेळी आम्ही नोकरी करणाऱ्या मुलींच्या एका हॉस्टेलमध्ये गेलो. तिथल्या अधीक्षक बाईंनी चहा दिला आणि विचारलं, "कैसी औरत है?"

बाईंनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते. कुठला शब्द येतो, इंग्रजी की हिंदी. बाईंनी तोंड मिटलं. चहाचा कप फिरवून ठेवला. "आप रखकर देखिए," त्या म्हणाल्या.

अधीक्षक बाईंनी मौसींना ठेवलं. पगार थोडा कमी होता, पण राहायला खोली होती.

शाळेत बाईंनी फळ्यावरचा शब्द चालू ठेवला, पण त्यात एक फरक पडला. आता त्या शब्दाखाली हिंदी अर्थ लिहू लागल्या. नीट, कंसात, सोप्या शब्दांत. मुली तो उतरवून घेत. दुसऱ्या दिवशी कोणी काही आणत नसे, कारण आणायला काही उरलेलंच नसे. त्या वर्षी दहावीचा इंग्रजीचा निकाल पूर्वीपेक्षा चांगला लागला. मॅनेजरांनी मीटिंगमध्ये बाईंचं नाव घेऊन कौतुक केलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना ते ऐकू आलं की नाही, सांगता येत नाही.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. गुडघे गेले होते, जिना चढवेना, आणि पुण्याची भाची हट्टाने न्यायला तयार होती. निघायच्या दिवशी मी थाटीपुरला आवराआवरीला गेले. दोन खोल्यांत सामान फारसं नव्हतंच. पुस्तकांची खोकी आधीच गेली होती. एक ट्रंक, दोन पिशव्या, आणि गाद्यांची वळकटी. एक पिशवी दारापाशी बांधून ठेवलेली दिसली, घट्ट गाठ मारलेली. मौसी सकाळीच आल्या होत्या, बाई म्हणाल्या, आणि आता चौकातून रिक्षा आणायला गेल्या होत्या. हॉस्टेलमध्ये लागल्यापासून त्या दर रविवारी बाईंकडे येत, भाजी निवडून देत, चहा पीत. दोघी काय बोलत असतील असं मला नेहमी वाटायचं, पण मी कधी विचारलं नव्हतं.

बाई रिकाम्या पलंगावर बसल्या. मी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"तुला एक सांगायचं आहे," त्या म्हणाल्या. "त्या फॉर्ममध्ये मी दुसरा शब्दही लिहू शकले असते. व्हिजिलंट होता. डिपेंडेबल होता. त्याला कळले असते असे पाच शब्द मला माहीत होते."

मी थांबले.

"मला बिलकुल माहीत होतं की त्याला कळणार नाही. म्हणूनच लिहिला. मला असं लागलं होतं की तो येऊन विचारेल. जिना चढून स्टाफरूममध्ये येईल, सगळ्यांसमोर म्हणेल, मैडम, इसका मतलब क्या है. मग मी सांगेन." त्यांनी वाकून बुटाची नाडी घट्ट केली. "तो आलाच नाही. त्याला वाटलं त्याला समजलं."

त्यावेळी सगळ्या स्टाफरूमने मॅनेजरांना दोष दिला होता. मीही दिला होता, हॉस्टेलपर्यंत जाताना आणि येताना. बाईंनी तो सगळा वेळ ऐकून घेतलं होतं.

"मौसींना सांगितलंत?" मी विचारलं.

"आज सकाळी. जाण्याआधी सांगायलाच पाहिजे होतं. दोन वर्षं तिच्या हातून भाजी निवडून घेतली मी." त्यांनी रुमालाने घड्याळाची काच पुसली. "सगळं सांगितलं. म्हटलं, मी त्याला दाखवायला गेले, आणि भोगलं तू."

"मग?"

"म्हणाली, मालूम था. म्हणाली, बीस साल गेट पर खड़ी रही हूँ, कौन किसको दिखाने के लिए क्या करता है, इतना तो दिखता है."

बाहेर कुठेतरी रिक्षाचा आवाज आला आणि पुढे निघून गेला. ती आमची नव्हती.

"आणि मग तिने मला विचारलं," बाई म्हणाल्या, "लेकिन जो लिखा था, वो सच था न?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हटलं. सच था. मग तिने विचारलं, गाडी किती वाजता आहे. आणि ती पिशवी बांधायला घेतली."